मुदत संपलेले मेसेज डेड-लेटर क्यूत पोचत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात मशीनचे अलार्म रॅबिटएमक्यूवरून (मेसेज क्यूत, म्हणजे रांगेत, ठेवून पुढे पोचवणारा ब्रोकर) जातात. क्वोरम क्यू (मेसेजच्या प्रती अनेक नोडवर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवणारी), ३ नोड, टीटीएल (मेसेजची मुदत) ६०००० मिलिसेकंद म्हणजे एक मिनिट. मुदत संपलेले प्रेसचे अलार्म 'मृत' क्यूत (हीच आमची डेड-लेटर क्यू, मुदत संपलेल्या मेसेजसाठी) येतात, लेथचे मात्र कुठेच सापडत नाहीत. लॉगही गप्प.

असे मेसेज क्यूकडे वळवणारं डेड-लेटर एक्स्चेंज डायरेक्ट प्रकारचं (की तंतोतंत जुळली तरच पाठवणारं) आहे, डेड-लेटर राउटिंग की (मेसेजवरचा पत्ता) वेगळी दिलेली नाही. म्हणजे मेसेज मूळ कीनेच पुढे जातो, आणि बाइंडिंग (एक्स्चेंज ते क्यू अशी कीची जोडणी) फक्त 'अलार्म.प्रेस'चं दिसतंय. 'अलार्म.लेथ'ला वाटच नाही म्हटल्यावर ब्रोकर तो मुकाट्याने टाकून देणार. बहुधा दुखणं हेच.

आता एक्स्चेंज फॅनआउट (की न बघता जोडलेल्या सगळ्या क्यूंना पाठवणारं) करावं, की लेथचं बाइंडिंग जोडावं? नवी मशीन आली की बाइंडिंग विसरलं जातं, म्हणून कल फॅनआउटकडे आहे.

दुसरं, नोड रीस्टार्ट होताना प्रेसचेही एकदोन मेसेज जातात. डेड-लेटर स्ट्रॅटेजी 'अ‍ॅट-लीस्ट-वन्स' (मेसेज निदान एकदा पोचेलच अशी) करायची तर ओव्हरफ्लो 'रिजेक्ट-पब्लिश' (क्यू भरली की नवे मेसेज नाकारणारा) लागतो, आणि वाट नसलेले मेसेज मूळ क्यूतच साचतात. त्यामुळे आधी बाइंडिंग, मग पॉलिसी (क्यूला ही सेटिंग लावणारा नियम), हा क्रम बरोबर ना? चालू लाइनवर ही पॉलिसी कुणी लावली असेल, तर मेमरी किती वाढली ते जरूर सांगा.