'स्नायू', 'पेशी' आणि 'मज्जातंतू' : परजीवी चपट्या कृमींच्या संदर्भात

प्रश्न : पर्णकृमी आणि पट्टकृमी या परजीवी चपट्या कृमींच्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासावरील एका लेखाचे मी भाषांतर करीत आहे. चित्रांत स्नायू लाल आणि मज्जातंतू हिरवे दिसतात. लाल धाग्यांना मी कधी 'स्नायुतंतू', तर कधी 'स्नायुपेशी' म्हटले आहे. याच विषयावरील हिंदी मजकुरात मात्र 'स्नायु' हा शब्द हिरव्या धाग्यांना आणि 'पेशी' हा लाल धाग्यांना लावलेला आढळला. यांत योग्य काय मानावे?

उत्तर : 'स्नायू' आणि 'पेशी' यांचे मराठी आणि हिंदी असे दोन्ही वापर आपापल्या भाषेत योग्य आहेत. सुश्रुतसंहितेत शरीरातील पेशी 500 आणि स्नायू 900 सांगितले आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचे गोळे आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे चिवट बंध. हिंदीने 'पेशी'चा हा अर्थ 'मांसपेशी'त जपला आणि 'स्नायु' मज्जातंतूंकडे वळवला. मराठीने 'स्नायू' मांसाला दिला आणि 'पेशी' हा शब्द सजीवाच्या सूक्ष्म घटकासाठी, म्हणजे हिंदीतल्या 'कोशिका'साठी, राखून ठेवला. त्यामुळे हिंदीवरून मराठीत आणताना हे दोन शब्द जसेच्या तसे उचलले, तर वाक्य व्याकरणाने शुद्ध राहते आणि अर्थ मात्र उलटा होतो.

'स्नायुतंतू' आणि 'स्नायुपेशी' यांची अदलाबदल आपण टाळावी, असे मला आग्रहाने वाटते. एरवी ती खपून जाते, पण या कृमींत आकुंचन पावणारा तंतू देहभित्तीच्या थरात असतो आणि पेशीचा केंद्रक असलेला भाग त्यापासून दूर, अधिक आत असून एका बारीक धाग्याने तंतूशी जोडलेला असतो. अशा चित्रांत स्नायू दाखवण्यासाठी सहसा वापरले जाणारे फॅलोइडिन हे विषारी अळंबीपासून मिळणारे द्रव्य तंतूंमधील ॲक्टिन या प्रथिनाला चिकटते. स्वतः ते रंगहीन असते, त्याला जोडलेले प्रतिदीप्त (प्रकाश पडताच चमकणारे) रंगद्रव्य उजळते. म्हणजे आपल्या चित्रात लाल दिसतात ते तंतू. केंद्रकाचा भाग त्यात जवळजवळ दिसतच नाही. तेथे 'स्नायुपेशी' लिहिणे चूकच ठरेल.

थरांसाठी 'वर्तुळाकार', 'अनुदैर्घ्य' (शरीराच्या लांबीने जाणारे) आणि 'तिरकस' हे शब्द पुरेसे आहेत. 'उभे' आणि 'आडवे' नकोत, कारण चित्र फिरवले की तेही फिरतात.

प्रश्न : 'मज्जातंतू' तरी ठेवावा ना? तो सर्वांच्या परिचयाचा आहे.

उत्तर : परिचयाचा आहे आणि माणसाविषयी लिहिताना मीही तोच वापरतो. मज्जा हाडांच्या पोकळीत असते आणि कृमीला हाडे नाहीत, हा आक्षेप मला फारसा वजनदार वाटत नाही. शब्द आपली व्युत्पत्ती मागे टाकून पुढे जातातच. खरी अडचण 'मज्जारज्जू'ने येते, कारण तो वाचताच पाठीचा कणा डोळ्यांपुढे उभा राहतो. चपट्या कृमींत शरीराच्या लांबीने जाणाऱ्या अनेक रज्जूंच्या जोड्या असतात, त्यांना आडवे जोड सांधतात आणि शिडीसारखी रचना तयार होते. म्हणून 'चेतारज्जू', आणि मग एकसूत्रीपणासाठी 'चेतातंतू', 'चेतापेशी'. पुढच्या टोकाच्या चेतापेशींच्या जोडगुच्छांना 'मेंदू' म्हणण्यापेक्षा 'चेतागुच्छिका' म्हटलेले बरे.

आणखी एक. हिरवा रंग सेरोटोनिन या चेतापेशींतील संदेशवाहक द्रव्याविरुद्धच्या प्रतिपिंडामुळे (त्या द्रव्यालाच चिकटणाऱ्या प्रथिनामुळे) आला असेल, तर चित्रात सगळी चेतासंस्था नसून फक्त सेरोटोनिन असलेला तिचा भाग आहे. न्यूरोपेप्टाइडे (दुसऱ्या प्रकारची संदेशवाहक द्रव्ये) असलेल्या चेतापेशी दाखवायला वेगळे प्रतिपिंड लागतात. 'मज्जातंतू हिरवे दिसतात' हे वाक्य त्यामुळे फार मोठा दावा करते. चित्राखाली असे लिहिता येईल : 'देहभित्तीतील स्नायुतंतू (लाल) आणि सेरोटोनिनयुक्त चेतातंतू (हिरवे)'.