वाचन प्रेरणा दिनाला भाषणं सोडून काय करता येईल?

झेडपीची_बाई:
नमस्कार मंडळी, मी चौथीला शिकवते. 15 ऑक्टोबर आला की आमच्याकडे सगळं ठरलेलं, कलामांच्या फोटोला हार, दोन भाषणं, मग पोरं अर्धा तास पुस्तक उघडून बसतात (गेल्या वर्षी दोघांनी उलटं धरलेलं, फोटोत दिसतंय 🙈) आणि फोटो ग्रुपवर पडले की कपाटाला कुलूप ते थेट पुढच्या ऑक्टोबरपर्यंत. 2015 पासून असंच चाललंय. यंदा असं काहीतरी पाहिजे की दुसऱ्या दिवशी पोरांनीच येऊन म्हणावं, बाई अजून एक द्या. बजेट शून्य धरा.

जुना_ग्रंथपाल:
बाई, आधी पुस्तकं बाहेर काढा आणि चटईवर मुखपृष्ठ वर करून मांडा. नुसती पाठ बघून पोरगं पुस्तक उचलत नाही. मी शनिवारी आमच्या बालविभागात गोष्ट मोठ्यानं वाचतो आणि वाघ विहिरीपाशी आला की पुस्तक मिटतो, मग काय विचारता, नुसता कालवा! त्या एका पुस्तकासाठी इतकी ओढाओढ व्हायची की आता तीन प्रती ठेवल्यात. गावात वाचनालय असेल तर विचारून बघा, आम्ही जवळच्या दोन शाळांना महिनाभर पेटी देतो, तुमच्याकडचे पण देतील.

साताऱ्याचा_बाबा:
जवळपास असाल तर भिलारला न्या. पाचगणीच्या पुढे, 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घराघरात कपाटं ठेवलीत, बसून वाचायचे पैसे नाहीत. आमचे चिरंजीव खरं तर स्ट्रॉबेरीसाठी आले होते, एका आजींच्या ओसरीवर जे बसले ते उठेचनात, शेवटी आजींनी आम्हालाच चहा केला. बजेट शून्य म्हणताय पण एसटीला पोरांचं अर्धंच तिकीट लागतं.

वैतागलेली_आई:
काय पण करा, फक्त सारांश लिहायला लावू नका प्लीज!! माझ्या मुलीला प्रत्येक पुस्तकामागे एक पान सारांश आणि खाली 'मिळालेला बोध' लिहावा लागतो, त्यामुळे ती आता गोष्ट बघतच नाही, सगळ्यात बारीक पुस्तक कुठलं ते बघते.

झेडपीची_बाई:
सारांश कॅन्सल 😄 चटईचं करतेच. पण पुस्तकं घरी द्यायचं म्हटलं की हेडसर म्हणतात फाटलं, हरवलं तर डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या रजिस्टरला, काय दाखवायचं.

जुना_ग्रंथपाल:
फाटलं तर खळ लावून चिकटवायचं काम पोरांनाच द्या, आमच्याकडे त्यासाठी नंबर लावतात. आणि 'किशोर' मासिकाचे अगदी 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत, त्यातल्या गोष्टी प्रिंट काढून घरी द्या. ते कुठल्याच रजिस्टरला चढत नाही, हरवू देत.

झेडपीची_बाई:
अरे हे भारीये! प्रिंटर तेवढा केंद्रशाळेत आहे, सोमवारी पेनड्राइव्ह घेऊन जाते. कागद माझे.