भीतीची गोळी लागू पडली, पण लक्ष अजून हरवतंच. दोन्हीची औषधं एकत्र घेणारं कोणी आहे का?

काजूवाली, वेंगुर्ला

नमस्कार. थोडक्यात लिहिलं की सल्लेही अर्धवट मिळतात, म्हणून सगळंच लिहिते.

मी ३४ वर्षांची. सासर वेंगुर्ल्याचं. घरामागे आमचा छोटा काजू कारखाना आहे, चौदा बायका कामाला आहेत. बी फोडणं, सोलणं त्या करतात. गर निवडल्यावर डबे भरणं, लेबलं, बिलं आणि हिशोब माझ्याकडे.

दोन वर्षांपूर्वी रात्री अडीचला जाग यायला लागली. ड्रायर बंद केला का, हा एकच विचार. उठून कारखान्यात जायचं, बघायचं, परत येऊन पडायचं, की पुन्हा तेच. छातीत धडधड, घशात आवंढा. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, थायरॉईड तपासलं, दोन्ही व्यवस्थित. मग चिंतेवरची गोळी, एसिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम, सुरू केली आणि रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम पाव मिलिग्रॅम. चार-पाच आठवड्यांत धडधड बसली. झोप लागू लागली. देव पावला असं वाटलं.

पण चुका वाढल्या. हे मला कोणालाच नीट समजावता येत नव्हतं. पूर्वी मी भीतीपोटी प्रत्येक डबा तीन-तीनदा बघायचे. भीती ओसरली तसं ते बघणंही ओसरलं. गेल्या दिवाळीच्या आधी पुण्याच्या एका दुकानदाराला ३२० चा माल २४० म्हणून गेला. (आकडा म्हणजे एका पौंडात बसणारे गर. २४० चा गर मोठा, भावही जास्त.) दहा-दहा किलोचे सहा डबे. ते मीच भरले होते. लेबलांची दोन बंडलं समोर होती, मध्येच फोन आला, बोलून परत बसले आणि हाताला लागलं ते बंडल उचलून लावत सुटले. सहाही डब्यांवर माझ्याच हाताने लेबल घासून चिकटवल्याचं आठवतं. वाचल्याचं आठवत नाही.

दुकानदाराने समजून घेतलं, फरक आम्ही भरून दिला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "चित्त खंय असता गो तुजा?" त्या रागाने बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. मला हे सगळे आठवीपासून विचारत आलेत.

मग कोल्हापूरला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. दीड तास नुसतं विचारत होते, त्यातलं निम्मं लहानपणाबद्दल. आईला फोन लावायला लावला. आईने तिसरीचं प्रगतिपुस्तक शोधून वाचून दाखवलं : "हुशार आहे, पण एका जागी चित्त ठरत नाही." डॉक्टर म्हणाले, लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, म्हणून हे विचारतो. निदान एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि चंचलपणा यांचा लहानपणापासूनचा त्रास, त्यातला नुसता लक्ष न टिकण्याचा प्रकार. आणि चिंतेचा आजार वेगळा, त्याच्या जोडीला.

लक्ष टिकावं म्हणून मिथाइलफेनिडेट नावाची गोळी सुरू केली, ५ मिलिग्रॅम सकाळी. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी नाडी ११२, हात थरथरायला लागले, जुना झटका परत येतोय असं वाटलं. पाचव्या दिवशी मी आपल्या मनाने बंद केलं. डॉक्टर फोनवर म्हणाले की या, ॲटोमॉक्सेटिन नावाचं दुसरं औषध आहे, त्याचा विचार करू.

मला विचारायचंय ते हे. ती थरथर औषधाची होती की माझ्या भीतीची, हे ओळखायचं कसं? कोकणात राहून ही औषधं तुम्ही मिळवता कशी? आणि दोन्ही आजारांची औषधं एकत्र कोणी वर्षानुवर्षं घेतली आहेत का?

---

मेडिकलवाले काका, कणकवली

ताई, २७ वर्षं मेडिकल चालवतोय, त्यातलं ठाऊक आहे ते सांगतो. डोस किती, कुठलं औषध, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील.

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. ते ठेवायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक आम्हाला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. एवढं करून महिन्याला गिऱ्हाईक एखाद-दुसरं. म्हणून आपल्याकडची बहुतेक दुकानं ते ठेवतच नाहीत. ते तुमच्यावर संशय घेतात असं समजू नका.

दुसरं असं की २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांप्रमाणे शेड्यूल एक्सचं औषध व्हिडिओवरून लिहून देता येत नाही. म्हणजे त्यासाठी प्रत्यक्षच जायला हवं. आंबोली घाटातून पाच तास एसटीने जाणं सोपं नाही, पावसात तर नाहीच. ॲटोमॉक्सेटिनला ही अडचण नाही. ते साध्या चिठ्ठीचं औषध, आज सांगितलं तर दोन-तीन दिवसांत मागवून देता येतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचार बघतात, तुमच्यासाठी ते ओरोसला. शिवाय रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आणि गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. कोल्हापूरच हवं असं नाही, पण निदान करणाऱ्या डॉक्टरांची फाईल सोबत न्या.

मुंबईहून येणाऱ्याला "एक पाकीट घेऊन ये" असं मात्र कधी सांगू नका.

आता दोन प्रश्न माझे. दिवसाला चहा किती कप? आणि ती क्लोनाझेपाम अजून चालू आहे का? ती गोळी झोप आणते, पण लक्ष आणि आठवण मंदावते. दोन वर्षं रोज घेतली असेल तर एकदम सोडायची नाही, झोप उडते, भीती उलटून येते. डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवतात.

---

चिपळूणची बाई

मी हायस्कूलला शिकवते, वय ४१. चिंतेसाठी सर्ट्रालिन आणि लक्षासाठी ॲटोमॉक्सेटिन, दोन्ही एकत्र घेऊन तीन वर्षं झाली.

तुमचं "भीती ओसरली आणि चुका वाढल्या" हे वाचून थांबले. माझं अगदी हेच. आमच्या घरात २०२१ च्या २२ जुलैच्या पुराचं पाणी माळ्याच्या पायरीपर्यंत आलं होतं. त्यानंतर पाऊस वाढला की माझे हात गार पडायचे. सगळे म्हणाले, पुराची भीती आहे. होतीच. पण पेपर वेळेवर न तपासणं, तास चालू असताना वाक्याच्या मध्येच विषय निसटणं, हे पुराच्या कितीतरी आधीचं होतं. भीतीवर उपचार झाला तेव्हा ते दिसायला लागलं.

ॲटोमॉक्सेटिनबद्दल मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं ते तुम्हाला सांगते. हे औषध पहिल्या दिवशी काही दाखवत नाही. पहिले दोन आठवडे मला फक्त मळमळ आणि तोंडाला कोरड. रिकाम्या पोटी घेत होते ते बंद केलं. आधी वाटीभर मऊ भात, मग कॅप्सूल, असं केल्यावर मळमळ निम्म्याहून कमी झाली. कॅप्सूल फोडायची नाही, आतली पूड डोळ्याला झोंबते. पाच आठवडे मी रोज म्हणायचे, काही होत नाही. सहाव्या आठवड्यात एका दुपारी स्टाफरूममध्ये मान वर केली तर सातवीच्या चाळीस पेपरांचा गठ्ठा संपला होता. मध्ये उठले नव्हते. एवढंच. ढोल वाजले नाहीत की काही नाही, पण मी रडले.

तिसऱ्या आठवड्यात दोन-तीन रात्री मन फार खाली गेलं होतं, हेही लपवत नाही. अशा वेळी वाट बघायची नाही, डॉक्टरांना लगेच कळवायचं. मी रात्री टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेला, फोन केला, १४४१६. चोवीस तास असतो, पैसे लागत नाहीत, माझ्याशी मराठीत बोलले. सकाळी डॉक्टरांनी डोस एक पायरी खाली आणला.

अजून एक. आधी मला चिंतेसाठी पॅरोक्सेटिन होतं. डॉक्टरांनी ते आधी बदललं, मगच ॲटोमॉक्सेटिन दिलं. पॅरोक्सेटिन आणि त्याच जातीचं फ्लुओक्सेटिन यांच्यामुळे ॲटोमॉक्सेटिन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही आणि अंगात साठतं. एसिटॅलोप्रामचा तसा त्रास बराच कमी, पण तुमच्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवाच, अगदी ॲसिडिटीच्या गोळीसकट.

थरथर कुणाची ते ओळखायला वही करा. गोळी किती वाजता, पोटात काय होतं, नाडी किती, आणि त्या वेळी मनात काय चाललं होतं. चार रकाने. मला आठ दिवसांत कळलं की माझी नाडी गोळीने वाढायची ती आठ-दहाने. बाकीची मी नाडी मोजत बसल्यामुळे वाढायची.

---

बोटीचं इंजिन, मालवण

बाय, भियाव नको. मी एसिटॅलोप्राम आणि मिथाइलफेनिडेट दोन्ही घेतो. माझी भीती उलट कमी झाली. कारण माझी निम्मी भीती खरी होती. इंजिन खोलायचं आणि एखादा नट कुठे ठेवला तेच विसरायचं, मालक ओरडणार, बोट उशिरा सुटणार. विसरणं कमी झालं तशी तीही गेली.

पण आधी मलाही लहान गोळी दिली होती, तीन-चार तास टिकणारी. सकाळी सातला घेतली की अकराला उतरायची आणि उतरताना जी चिडचिड आणि घालमेल व्हायची, ती मी भीतीचा झटका समजायचो. डॉक्टरांनी हळूहळू सुटणारी दिली, दिवसभर पुरणारी, तेव्हा ते उतरणं जाणवेनासं झालं. तुमची थरथर गोळी घेतल्यावर एका तासाने होती की चार तासांनी, हे आठवून डॉक्टरांना सांगा. दोन्हीचा अर्थ वेगळा. सुरू करण्याआधी माझं बीपी, वजन बघितलं आणि घरात कुणाला तरुणपणी हृदयाचा त्रास होता का ते विचारलं. तुमचं विचारलं नसेल तर तुम्हीच सांगा.

आणण्यासाठी मी गोव्याला स्वतः जातो. एक दिवसाची मजुरी बुडते. ती मी औषधाच्या खर्चातच धरली आहे.

---

काजूवाली, वेंगुर्ला

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तो गप्प बसून ऐकत होता, मग म्हणाला, पुढच्या वेळी मी येतो सोबत.

काका, चहा मोजला. सहा कप. त्यातला पहिला सकाळी सहाला कारखाना उघडताना, कोरा, आणि गोळी त्याच्यासोबत, पोटात काही नसताना. हे मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, कारण चहा सांगायची गोष्ट आहे असं वाटलंच नाही. क्लोनाझेपाम रोज चालू आहे.

दादा, थरथर तासाभरात यायची, उतरताना नाही. माझ्या मामांना चाळिशीत हार्ट अटॅक आला होता. तेही सांगायचं राहिलं होतं, आता लिहून ठेवलं.

बाई, वही आजच घातली.

---

काजूवाली, वेंगुर्ला (नऊ आठवड्यांनी)

कळवायचं राहिलं होतं.

डॉक्टरांनी मामांचं ऐकून पुन्हा ईसीजी काढला, बीपी बघितलं, दोन्ही ठीक. मिथाइलफेनिडेट वाईट म्हणून नव्हे, पण माझा चहा, रिकामं पोट आणि कोल्हापूरच्या फेऱ्या बघून त्यांनी ॲटोमॉक्सेटिन निवडलं. १८ पासून सुरुवात, मग २५, आता ४०. एसिटॅलोप्राम तीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं त्यांनी ठरवून दिलं, म्हणून क्लोनाझेपामला पहिले सहा आठवडे हातच लावला नाही. आता ती अर्धी केली आहे. अर्धीच्या पहिल्या चार रात्री अडीचला जाग आली. ड्रायर बघायला मात्र गेले नाही, पडून राहिले. पाचव्या रात्री झोप लागली.

चहा दोन कप. पेज खाऊन मग कॅप्सूल. तोंडाला कोरड आहेच, कमरेला पाण्याची बाटली असते. भूक कमी झाली आहे, दीड किलो वजन उतरलं, ते डॉक्टर दर वेळी लिहून घेतात.

सातव्या आठवड्यात लक्षात आलं की हिशोबाची पानं मी सलग लिहिते. चुका बंद झालेल्या नाहीत. म्हणून टेबलावर आता एका वेळी एकच लेबलांचं बंडल ठेवायचं आणि फोन बाहेर ओट्यावर. फोन आला की सासूबाई उचलतात आणि "डबे भरतासा, मागसून कर" सांगून ठेवतात. वहीतला नाडीचा रकाना त्याच भरतात, घड्याळ समोर धरून. परवा ८४ लिहिलं आणि मला विचारलं, "ह्या बरा मां?"

आता एकच विचारायचंय. बाई, तुमची भूक किती दिवसांनी परत आली?