श्रीलंकेत आई आणि लेकीला घेऊन साध्या बसने फिरता येईल का?

भटकी_ठाणेकर:
नमस्कार मंडळी. लेकीची परीक्षा संपली की ११ एप्रिलला कोलंबोला उतरतोय, मी, आई (वय ६६) आणि लेक (९). कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, एल्ला असा प्लॅन आहे. ट्रेनचं रिझर्वेशन मिळालं नाही आणि दहा दिवस ड्रायव्हरसकट गाडी परवडत नाहीये, म्हणून बसनेच जाऊ म्हणतेय, पण व्हिडिओ बघितले तर माणसं दाराला लटकलेली आणि आईचे गुडघे दुखतात, तिला तीन तास उभं ठेवणं शक्यच नाही. जागा कशी मिळवायची, बॅगा कुठे ठेवायच्या आणि बायकांना त्रास होतो का, अगदी खरं सांगा प्लीज.

सातारकर_७४:
ताई, आम्ही दोघं नवराबायको पंधरा दिवस फक्त बसने फिरलो. लाल गाडी सरकारी, म्हणजे आपली एसटीच, बऱ्याचशा गाड्या अशोक लेलँडच्याच, बाकी खाजगी. एकच पाळा, गाडी जिथून सुटते तिथेच चढा. मधल्या स्टॉपवर जागेची आशा नको. कोलंबोत पेट्टाला, फोर्ट स्टेशनच्या जवळच स्टँड आहेत, कँडीची १ नंबरची गाडी, भरलेली असली तर सोडून द्या, पुढची लागते लवकरच. पुढची सीट बौद्ध भिक्खूंसाठी राखीव असते, तिथे आईंना बसवू नका, भंते चढले की उठावं लागतं आणि बायका त्यांच्या शेजारी बसत नाहीत.
अजून एक, कंडक्टर "नुवर नुवर नुवर" ओरडत असतो ती गाडी कँडीची, नुवारा एलियाची नव्हे. सिंहलीत कँडी म्हणजे महानुवर. आमची पहिल्याच दिवशी गडबड होणार होती, बायकोने पाटी वाचली म्हणून बरं. पाटीवर इंग्रजीतही लिहिलेलं असतं.
चाकाच्या मोठ्या बॅगा नकोच. छोट्या एसी गाड्यांत तर मधल्या वाटेतही घडीच्या सीटा उघडतात, बॅग ठेवली तर तिच्या जागेचे पैसे घेतात.

कोलंबोत_तीन_वर्षं:
मी तिथे रोज बसने जायचे म्हणून सांगते. पहिल्या आठवड्यात गच्च गर्दीत उभी होते तर बसलेल्या एका बाईने काही न बोलता माझी पर्स खांद्यावरून काढून घेतली. मी दचकले, पट्टा घट्ट धरला. मग बघितलं तर तिच्या मांडीवर आधीच कुणाचं तरी शाळेचं दप्तर आणि डब्याची पिशवी, आणि सगळ्या बसभर हेच, बसलेल्याने उभ्याचं ओझं धरायचं. उतरताना तिने आठवणीने परत दिली. फार आवडलं मला ते, अजून आठवतं.
पण त्रास होतो, हेही खरं. एकदा एक माणूस मागून मुद्दाम चिकटत होता, दोनदा सरकले, तिसऱ्यांदा मोठ्याने ओरडले, मराठीतच. दोन बायकांनी मला पुढे ओढून घेतलं आणि तो पुढच्या स्टॉपला उतरला. गप्प बसू नका, भाषेची वाट बघू नका. लेकीला खिडकीशी बसवा, आणि कोलंबोत शाळा-ऑफिसच्या वेळा टाळाच.

पावसाळी_ढग:
सगळं बरोबर पण ताई ११ तारीख वाचून थांबले. १३-१४ एप्रिलला त्यांचं नववर्ष असतं, सिंहली आणि तमिळ दोघांचंही. आपल्याकडे दिवाळीला गावी जाणाऱ्यांची स्टँडवर काय अवस्था असते, तसंच समजा. आधीचे दोन-तीन दिवस पेट्टात पाय ठेवायला जागा नाही आणि सणाच्या दिवशी ड्रायव्हर-कंडक्टरही घरी, त्यामुळे गाड्याच कमी. शिवाय एप्रिल हा नुवारा एलियाचा सीझन, खोल्या महाग. आईंना घेऊन त्या गर्दीत शिरू नका.

भटकी_ठाणेकर:
बापरे, हे माहीतच नव्हतं, खूप खूप आभार! मग उतरल्यावर विमानतळाजवळच्या निगोम्बोलाच समुद्राजवळ राहतो आणि १७ नंतर कँडीला निघतो, नुवारा एलिया एकच रात्र. चाकाच्या बॅगाही रद्द, तिघींच्या पाठीवर तीन सॅक. लेकीला घाटात गाडी लागते, कँडी ते नुवारा एलिया रस्ता कसा आहे?

सातारकर_७४:
वळणंच वळणं, रंबोड्याच्या पुढे तर जास्तच, पण दोन्ही बाजूला चहाचे मळे. मागच्या सीटा घेऊ नका, तिथे हेलकावे फार. सकाळची गाडी धरा, पोटात हलकं काहीतरी असू द्या आणि दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवा.