बारीक रेघ नको, रिकामा पडलेला जुना रस्ता बघा

सायकलवर फिरायला मॅपवर सगळ्यात बारीक रेघ असेल तो रस्ता पकडा म्हणजे ट्रॅफिक लागत नाही, असं बरेच जण सांगतात, ते मला अर्धंच पटतं. बारीक रेघ म्हणजे बरेचदा शॉर्टकट असतो, सकाळी कामाला निघालेले लोक त्यावरून गाड्या हाणत येतात आणि रस्ता एवढा अरुंद की आपण बाजूला घ्यायचं तरी कुठे. त्यापेक्षा मी बोगदा किंवा बायपास झाल्यामुळे ओस पडलेला जुना मेन रोड शोधतो. स्वित्झर्लंडमधल्या गोटहार्ड घाटाचंच घ्या, तिथे १९८० साली जवळजवळ १७ किमीचा बोगदा सुरू झाला, वर घाटातही नवा रुंद रस्ता आहेच, त्यामुळे ट्रेमोला हा २४ वळणांचा जुना रस्ता सायकलवाल्यांना आंदण मिळाल्यासारखा झालाय. फक्त तो दगडी फरसबंदीचा आहे, बारीक टायर नेलेत तर हात बधिर!

आणि वाऱ्याबद्दल तर कोणी बोलतच नाही. डोंगरात उन्हाच्या दिवशी दुपारी वारा दरीतून वर चढतो, रात्री उलटा. मला हे माहीत नव्हतं तेव्हा सकाळी दरीतून वर गेलो, परतीचे ३० किमी उताराचेच आहेत म्हणून पाणीपण कमी ठेवलं, आणि दुपारी उतरताना वारा असा तोंडावर आला की चक्क उतारावर पेडल मारत घरी आलो. समुद्राकाठी तोच प्रकार, दुपारी वारा पाण्याकडून जमिनीकडे, त्यामुळे किनाऱ्याकडे जायचं ते सकाळीच.