प्रति: अवॉर्ड फंक्शनमध्ये गायकाला कोण विचारतंय?
वर एकानं लिहिलंय की गाण्याचे अवॉर्ड म्हणजे हिरोच्या डान्सच्या मधला टाइमपास. व्हय की, पण आधी तर गायकाला अवॉर्डच नव्हतं बघा! फिल्मफेअर १९५४ ला सुरू झालं तेव्हा संगीतकाराला होतं, गाणाऱ्याला काय नाही, मग लताबाईंनी समारंभात गायलाच नकार दिला आणि १९५९ ला गायकाचं पहिलं फिल्मफेअर मिळालं ते पण त्यांनाच, 'मधुमती'साठी. तरी बाई आणि पुरुष मिळून एकच अवॉर्ड, वेगळं व्हायला १९६८ उजाडलं.

आम्हा बेळगाववाल्यांना खरा आनंद झाला तो 'जोगवा' या मराठी पिक्चरच्या वेळी. २००८ च्या नॅशनल अवॉर्डमध्ये अजय-अतुल, हरिहरन, श्रेया घोषाल, सगळ्यांकडं संगीताची बक्षिसं, अन् पिक्चरचा विषय कुठला तर आमच्या सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचा. चौंडकं, म्हणजे यल्लम्माच्या जोगत्यांचं तारेचं वाद्य, लहानपणापासून दारात ऐकलंय हो, आई त्यांना सुपातनं जोगवा, म्हणजे देवीच्या नावानं भिक्षा, घालायची. ते दिल्लीपर्यंत पोचलं म्हटल्यावर अंगावर काटा आला. आणि जोगवा घालणारी घरं कानडी का मराठी असं कोण विचारत नव्हतं, यल्लम्मा दोघांचीबी.

टीव्हीवरच्या अवॉर्ड नाईटचं म्हणाल तर मी गाणी संपली की चॅनेल बदलतो.