सिझेरियननंतर रुजू व्हायची वेळ आली, रीकॅट समोर आणि घरचे लाडू संपत नाहीत

सातारकर_सिग्नल्स

नमस्कार. मी सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन शाखेत, कॅप्टन आहे. मॅटर्निटी लीव्हवर माहेरी आलेय, सातारा जिल्ह्यात. सिझेरियन झालंय, मुलगी पाचव्या महिन्यात आहे आणि पूर्णपणे अंगावर पिते. रजा संपत आलीय. युनिट राजस्थानात. गेल्या गेल्या रीकॅट, म्हणजे मेडिकल कॅटेगरीची फेरतपासणी, आणि त्यानंतर कधी ना कधी पीपीटी-बीपीईटी या शारीरिक चाचण्या आहेतच.

घरात दोन पक्ष पडलेत. आई आणि आजी मिळून डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपू, बाजरीची भाकरी, वर तुपाची धार. आजीच्या हिशेबात सव्वा महिना अजून संपलेलाच नाही. दुसरा पक्ष माझ्या कोर्समेट्सचा. त्या व्हॉट्सअॅपवर सांगतात की भात-पोळी बंद कर, सोळा तास उपाशी राहा, युनिफॉर्म आपोआप बसेल. वजन गरोदरपणाच्या आधीपेक्षा बरंच जास्त आहे, पँटचं बटण लागत नाही, हे खरं.

मागच्या आठवड्यात पहाटे वाडीच्या रस्त्यावर हळू पळून बघितलं. दम पुरला, पण थोड्याच अंतरात लघवी सुटली. आता शिंकतानाही भीती वाटते. डॉक्टरांनी सहा आठवड्यांच्या तपासणीत टाके बघितले, 'ऑल ओके' म्हणाले. हे कोणी विचारलंच नाही, आणि मीही बोलले नाही. बीपीईटीचे पाच किलोमीटर, पाठीवर सामान, हातात रायफल, हे सगळं यातून कसं जमायचं? खायचं काय? आणि सुरुवात कुठून करायची?

मेजरबाई_एएससी

अगं कॅप्टन, आधी श्वास घे.

कागदापासून सुरू करते, कारण आपल्याकडे निम्मी घाई कागदाच्या भीतीनेच होते. गरोदरपणात तुझी कॅटेगरी टेम्पररी डाउन झाली होती. ती वर जाते डॉक्टरची खात्री पटल्यावर. तू स्मार्ट सॅल्यूट मारून 'फिट आहे सर' म्हणालीस म्हणून ती वर जात नाही. रीकॅटला जाशील तेव्हा पळताना लघवी सुटते हे सरळ त्याच शब्दांत सांग. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे आणि फिजिओकडे रेफर करून घे. अजून काही आठवडे लो कॅटेगरीत राहिलीस तर आभाळ कोसळत नाही. शेप-वन, म्हणजे पूर्ण फिट कॅटेगरी, मिळवून पहिल्याच बीपीईटीत कंबर धरून बसलीस तर मात्र रडगाणं लांबतं.

दुसरं, रजा. मॅटर्निटीचे १८० दिवस सगळ्यांना पाठ असतात. चाइल्ड केअर लीव्हचं नाव काढताना मात्र मुली अशा लाजतात की जणू उधार मागतायत. अख्ख्या नोकरीत ३६० दिवस आहेत, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. युनिटची गरज बघून सीओ (कमांडिंग ऑफिसर) हो-नाही म्हणू शकतो, म्हणून अर्ज लवकर टाक, अॅन्युअल लीव्हला जोडून मिळते का ते अॅडज्युटंटला विचार. नोव्हेंबर २०२३ मध्ये महिला अधिकाऱ्यांचे हेच नियम महिला जवान, नौसैनिक आणि वायुसैनिकांनाही लागू करायला मंजुरी मिळाली. बेंगळुरूहून मिलिटरी पोलीसच्या पहिल्या मुली २०२१ मध्ये पास आउट झाल्या, त्याआधी जवान आई हा प्रश्नच कुणाच्या टेबलावर नव्हता. तुझ्या युनिटमध्ये अशी कोणी असेल तर तिला हे तूच सांग. तिला सांगणारं कोणी नसतं.

आता खाणं. कोर्समेट्सचा ग्रुप म्यूट कर. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, त्यानंतरच्या सहा महिन्यांत ५२० च्या आसपास. हे आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) आकडे आहेत, माझ्या आईचे नाहीत. कॅल्शियमही दिवसाला १२०० मिलिग्रॅम हवं. पाजताना आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं, पाजणं थांबलं की ते बहुतेक भरून येतं. त्याच काळात उपाशी राहून, बूट घालून डांबरावर पळायला लागलीस तर नडगीच्या हाडाला बारीक तडा जायला वेळ लागत नाही. अकादमीत स्ट्रेस फ्रॅक्चरवाल्या कुबड्या घेऊन फिरायच्या, आठवतात ना?

म्हणून उपास नको. पण आजीचं सगळंच्या सगळंही नको. डिंकाचा एक लाडू दीड-दोनशे कॅलरीला सहज जातो. सकाळी एक खा, दूध पी, विषय संपला. पाच लाडू खाल्लेस तर ६०० च्या पुढे गेलीस, आणि प्रथिनं अजून कुठेच नाहीत. जेवणात घट्ट वरण किंवा उसळ, दोन अंडी, दही, चालत असेल तर मासे-चिकन. भाकरी खा, भात खा, तूप चमच्याने मोज. वजन आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त उतरत असेल तर खाणं वाढव.

युनिटमध्ये खरी अडचण वेळेची होते. मेसचं रात्रीचं जेवण उशिरा, आणि पाजणाऱ्या बाईला भूक लागते संध्याकाळी पाचला आणि पहाटे तीनला. माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये फुटाणे, शेंगदाणे, गूळ आणि खजुराचा डबा असायचा. नायब सुभेदार साहेबांना वाटायचं मॅडम युद्धसरावाची तयारी करतायत! पहाटेसाठी उकडलेली अंडी मेसमधून आदल्या रात्रीच मागवून ठेव.

लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेवायच्या असतात, कॅल्शियमच्याही. दोन्ही एकदम गिळू नकोस, शोषण बिघडतं. लोहाच्या गोळीवर चहा पण नको, लिंबू चालेल. रीकॅटआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड करून घे. बाळंतपणानंतर कधी कधी थायरॉइड बिघडलेलं असतं आणि आपण 'झोप होत नाही म्हणून थकते' म्हणत बसतो.

अपशिंग्याची_मावशी

आमच्या अपशिंगे मिलिटरीत घरटी फौजी, पण बाळंतीण फौजी म्हणजे नवलच! पोरी, अळीव नारळाच्या पाण्यात भिजव आणि वरून लिंबू पिळ, गूळ-दुधातलीच खीर रोज नको. पोट बांधतेस का? आमच्याकडे जुन्या नऊवारीचा पट्टा घट्ट आवळायचे. शेक-शेगडी पण सोडू नकोस.

फिजिओ_कोथरूड

मावशी, अळिवाला दोन्ही हात वर! शेगडीबद्दल मात्र विनंती, बंद खोलीत कोळसा नको. त्याचा धूर दिसला नाही तरी विषारी वायू असतोच, आणि खोलीत बाळ असतं. गरम पाण्याची पिशवी पुरे. पट्टा सैलसर बांधला तर पाठीला आधार वाटतो, उठा-बसायला बरं वाटतं. पण खूप आवळला तर पोटातला दाब खाली जातो, आणि ताईंचा त्रास नेमका खालीच आहे.

ताई, मी बाळंतपणानंतरच्या बायकांसोबतच काम करते. पळताना लघवी सुटणं सर्रास दिसतं, पण ते सोसायचं दुखणं नाही, व्यायामाने बहुतेकींचं सुधारतं. सिझेरियन झालं तरी होतं, कारण नऊ महिने भार त्याच स्नायूंवर होता. तुमचा ओटीपोटाचा तळ, म्हणजे पेल्विक फ्लोअर, अजून उडीचा दणका झेलायला तयार नाही, एवढंच.

टाक्यांचंही ऐका. वरची कातडी दोन आठवड्यांत जुळते. आतला पोटाचा पडदा सहा आठवड्यांनी मूळ ताकदीच्या निम्म्याहून थोडाच पुढे असतो, सहा-सात महिन्यांनी ७३ ते ९३ टक्क्यांपर्यंत येतो. 'ऑल ओके' हे टाक्यांबद्दल होतं, रायफल घेऊन पळण्याबद्दल नव्हतं.

आजपासून: वायू अडवतो तसं आत-वर ओढा, दहा सेकंद धरा, पूर्ण सोडा. असं दहादा. मग दहा झटपट. दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका, नितंब आवळू नका. सोडणं धरण्याइतकंच महत्त्वाचं. बाळ उचलताना आणि शिंकण्याच्या आधी एकदा आवळून घ्या.

पोटाची फट बघा. उताणं झोपून गुडघे दुमडा, डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर आडवी बोटं ठेवा. दोनपेक्षा जास्त बोटं आत जात असतील, किंवा मधोमध उंचवटा उभा राहत असेल, तर सिट-अप्स तूर्त बंद. त्यांच्याऐवजी पाठीवर झोपून टाच सरकवणं, पूल (गुडघे दुमडून कंबर उचलणं), कुशीवर झोपून पाय उचलणं करा.

पळण्याबद्दल २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या फिजिओंनी केलेली मार्गदर्शिका आम्ही वापरतो. कुठल्याही बाळंतपणानंतर तीन महिन्यांच्या आत पळू नये, आणि त्यानंतरही तारीख बघून नाही, परीक्षा देऊन. अर्धा तास चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, एका पायावर दहा बैठका, मिनिटभर जागच्या जागी जॉगिंग, प्रत्येक पायावर दहा उड्या. यात दुखलं नाही, गळलं नाही, खाली जड वाटलं नाही, तर एक मिनिट पळा-दोन मिनिटं चाला असं सुरू करा. सामान पाठीवर सगळ्यात शेवटी, तेही चालतानाच आधी.

टॅकोमाकर

मी अमेरिकन आर्मीत आहे, मूळची नाशिकची. इथे २०२२ पासून बाळंतपणानंतर १२ महिने रेकॉर्डवर जाणारी फिटनेस टेस्ट द्यावी लागत नाही आणि वजन-चरबीचं मोजमापही होत नाही, आधी सहाच महिने होते. गरोदर आणि बाळंत सोल्जर्सची पीटी वेगळी घेतात. वाचून वाटलं, तिकडेही वर्ष मागून घ्या ना!

मेजरबाई_एएससी

मागायला काय, मागू. पण कॅप्टनला पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय, तोवर नियम बदलणार नाही. आपल्याकडे रस्ता मेडिकल कॅटेगरीतूनच जातो, आणि तो नीट वापरला तर तेवढा वेळ मिळतो. बायका वापरत नाहीत, ही खरी अडचण.

सातारकर_सिग्नल्स

फट मोजली, बेंबीच्या वर जवळजवळ तीन बोटं. सिट-अप्स कालच केले होते, बंद. आजीला ६०० कॅलरीचा हिशेब सांगितला तर म्हणाली, 'मग मी काय वेगळं सांगत होते?' एकच राहिलं. रुजू झाल्यावर मुलगी आईसोबत क्वार्टरमध्ये असेल. दिवसभर रेंजवर (गोळीबाराच्या सरावाला) असले तर दुधाचं काय करायचं?

मेजरबाई_एएससी

हातपंप घे, विजेचा रेंजवर उपयोगाचा नाही. निघायच्या आधी पाज, पीटीच्या आधीही पाज, नाहीतर पळताना छाती दगडासारखी होते. व्यायामाने दूध नासतं वगैरे कोणी म्हणालं तर दुर्लक्ष कर. काढलेलं दूध साध्या खोलीत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. राजस्थानच्या उन्हात मात्र चार तासांवर विसंबू नकोस, बर्फाच्या पिशव्यांचा डबा सोबत ठेव. काढायला वेळ आणि आडोसा लागेल हे रेंजच्या आदल्या दिवशीच ओआयसीला (रेंजच्या प्रभारी अधिकाऱ्याला) सांग. तिथे पोचून सांगितलंस तर तंबू शोधण्यातच अर्धा तास जाईल. आणि काढणं टाळू नकोस. भरलेली छाती तशीच राहिली की गाठी होतात, ताप येतो, आणि मग एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, सिक रिपोर्ट.

फिजिओ_कोथरूड

तीन बोटं म्हणजे घाबरण्यासारखं नाही, पण एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या, रीकॅटच्या आधीच. तिथे हातात फिजिओचा कागद असला तर बोलणं सोपं जातं.